कोरडं लिही, माय

मावशी समोर आली की आधी मूठ पुढं करायची. नमस्कार नाही, जय भीम नाही, चहा झाला का नाही. ओली, काळी, टपकणारी मूठ थेट तुमच्या नाकाखाली. आणि एकच शब्द.

"हुंग."

मुठीत तळ्याचा गाळ असायचा. तुम्ही मागं सरकलात की ती पुढं यायची. "हुंग की! तळ्याचं दुखणं बघाया आलीस ना? मंग लांबून काय बघती, टीव्ही हाय का?"

पहिल्याच दिवशी मी तो गाळ हुंगला. सडलेलं अंडं, त्यात साबण, त्यात काहीतरी गोड. गोड! तो गोडवाच सगळ्यात घाण होता. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी डोळे मिटले तशी खूश झाली. "बराबर. तुझं नाक चालू हाय. मागल्या वर्षी एक सर आल्ते, त्यायला कशाचाच वास येत नव्हता. तपकीर वढायचे."

थांबा, आधी मी कोण आणि मावशी कोण ते सांगते. मी जालन्याची, नुकतीच एमएस्सी झालेली, एका संस्थेत वर्षभराच्या कंत्राटावर. काम असं की जिल्ह्यातल्या पाणथळ जागांची तब्येत बघायची. पाणी घ्यायचं, गाळ घ्यायचा, पक्षी मोजायचे, सगळं मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये भरायचं. माझ्या वाट्याला भोकरदन तालुक्यात, हसनाबादच्या बाजूचं एक तळं आलं. नाव सांगत नाही. तुम्ही लगेच शोधाल, फोटो बघाल, आणि फोटोत ते फार सुंदर दिसतं. फोटोला वास नसतो ना.

मावशीचा नवरा त्या तळ्याचा चौकीदार होता. तळ्याच्या भिंतीवर फुटांची पट्टी रंगवलेली आहे, ती बघून रोज पाणी किती ते वहीत लिहायचा. तो वारला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही, आणि मावशी आपली लिहीतच राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. वही संपली की नातवंडांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून शिवायची. मग आमच्या संस्थेनं तिलाच 'स्थानिक मदतनीस' म्हणून घेतलं. साठीची असेल. सुती पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वरून नवऱ्याचा खाकी सदरा, त्याच्या खिशात तंबाखूची डबी आणि माझ्या बाटल्यांची झाकणं. झाकणं मी हरवायचे म्हणून ती स्वतःकडं ठेवायची.

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे. 'वास: आहे / नाही.' बस. मावशीला हा रकाना इतका खटकायचा की विचारू नका.

"आहे म्हंजे कोणता आहे?"

"मावशी, दोनच पर्याय आहेत."

"दोन कसे? तीन तऱ्हेचे वास असतात. एक मातीचा. त्यो चांगला. एक मेल्याचा, मासा मेला, पाला सडला, त्योबी चालतो, मरायचंच असतं समद्याला. आन तिसरा माणसाचा." इथं ती थुंकायची. "त्यो लिहायला जागा कुठंय?"

माणसाचा वास नाल्यातून यायचा. वरच्या अंगाला बाजाराचं मोठं गाव आहे, त्याची सगळी गटारं एका नाल्यात, आणि नाला तळ्यात. कोंबड्यांची पिसं, लहान पोरांचे डायपर, थर्माकोलच्या पत्रावळ्या, गाड्या धुतलेलं तेलकट पाणी. आणि नाला तळ्यात जिथं शिरतो ना, बरोबर तिथं मावशीची वस्ती. पंचवीस-तीस घरं. आणि वस्तीची एकच विहीर, तळ्याच्या पाझरावर भरणारी, नाल्यापासून शंभर पावलंसुद्धा नाही.

त्या विहिरीबद्दल मावशी एकदाच बोलली, बाटलीला चिठ्ठी चिकटवता चिकटवता. "माह्या सासूच्या सासूला तळ्याच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. वरून वतायचे पाणी, हिनं ओंजळ धरायची. मंग आमच्या लोकायनी ही विहीर खांदली. कोणाला मागायचं काम न्हाई. आन आता बघ, ज्यायनी तव्हा पायरी शिवू दिली न्हाई त्यायचं गटार आपूआप येऊन राह्यलंय. न मागता."

आणि हसली. मला हसता आलं नाही.

तर सगळं अडलं होतं एका गोष्टीवर. नाला वळवायचा, तळ्याच्या आधी गाळणीचं कुंड बांधायचं, असा प्रस्ताव तालुक्याला पडून होता. बैठकीत म्हणे विचारलं, तळं खरंच खराब आहे का, पुरावा काय? मग ठरलं की आमच्या संस्थेचा उन्हाळ्याचा अहवाल येऊ द्या, त्यावर बघू. मावशीला हे पाठ होतं. वर्षभर तिच्या तोंडी तेच. "उन्हाळ्याचा कागद बराबर गेला की नाला वळतो. विहीर वाचती." विहिरीचं पाणी तोवर पिवळट झालंच होतं. वस्तीतल्या बाया फडक्यानं गाळून घ्यायच्या आणि फडकं फेकून द्यायच्या, इतकं ते बुळबुळीत व्हायचं.

मावशी तळं वाचायची कशी ते बघण्यासारखं होतं. माझ्याकडं तेरा प्रकारच्या पट्ट्या आणि औषधं. तिच्याकडं पिठाची जुनी चाळणी. गाळ चाळणीत घ्यायची, पाण्यात हलवायची आणि काय उरतं ते बघायची. बारकी शंखाची गोगलगाय दिसली की "हाय, जीव हाय अजून." चतुराचं पाण्यातलं पिल्लू दिसलं तर ते तळहातावर घेऊन मला दाखवायची, जसं काही तिच्याच घरचं बाळ. आणि लाल अळ्या दिसल्या, त्या दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या, की चाळणी उलटी करून आपटायची. "ह्या फक्त गटारात सुखी ऱ्हातात. पुढाऱ्यावानी." माझ्या पट्ट्या अर्ध्या तासानं जे सांगायच्या ते ती मिनिटात सांगायची, आणि शपथेवर सांगते, एकदाही चुकली नाही.

फेब्रुवारीत लग्नं सुरू झाली. नाल्याच्या काठावर, तळ्याच्या जरा वर, एक मोठं लॉन्स आहे, लग्नाचं. एका सकाळी आम्ही गेलो तर नाल्याच्या तोंडाशी भात तरंगत होता. म्हणजे अख्खा पांढरा तवंग. त्यात जिलब्या फुगून बोटभर जाड झालेल्या, वरण, मठ्ठा, आणि त्यावर माश्यांचा असा थर की पाणी हलतंय असं वाटावं. मी रुमाल धरून उभी. मावशीनं काय करावं? तरंगणारी एक पत्रावळी उचलली, त्यातच दोन ओंजळी तो भात घेतला, वर एक फुगलेली जिलबी ठेवली, आणि निघाली. मी मागं पळतेय, "मावशी, अहो मावशी!"

लॉन्सचा मॅनेजर खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. मावशीनं पत्रावळी त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?" तो उठूनच उभा राहिला.

"आहेर. कालच्या लग्नाला यायचं राहून गेल्तं."

"ए बाई, उचल ते! वास येऊन राह्यलाय!"

"येतो ना? मला वाटलं तुमाला येतच न्हाई. म्हून नाल्यात टाकता."

त्यानं शिव्या घातल्या. मावशी शांत. निघताना वळून म्हणाली, "जिलबी खाऊन बघा. पाकात नाही, पण मुरलीय बराबर." मी बाहेर येऊन इतकी हसले की पोटात दुखलं. आठ दिवस भात आला नाही. नवव्या दिवशी परत आला.

आता माझं सांगते. हे टाइप करताना बोटं गरम होतात माझी, पण सांगायलाच पाहिजे.

त्या वर्षी पाऊस कमीच झाला होता. एप्रिलमध्ये तळं झपझप आटायला लागलं. आमच्या कामात पाच ठिकाणं ठरलेली असतात, तिथं पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या. एक नंबरची नाल्याच्या तोंडाशी, वस्तीजवळ, मग दोन, तीन, चार, आणि पाच नंबरची तळ्याच्या भिंतीला. दर वेळी त्याच खुंटीपाशी पाणी घ्यायचं. मेअखेर मी पोचले तर एक, दोन, तीन, तिन्ही कोरड्या. नुसत्या भेगा. नाल्याचं काळं पाणी तळ्यापर्यंत पोचतसुद्धा नव्हतं, एक नंबरपाशीच, विहिरीच्या अंगाला, भेगांमध्ये मुरत होतं.

मी अ‍ॅप उघडलं. बाटली एक, बाटली दोन, बाटली तीन. आकडे भरल्याशिवाय अ‍ॅप पुढंच जाईना. 'पाणी नाही' असं बटणच नाही त्यात! कोणाला सुचलंच नाही की तळ्यात पाणी नसू शकतं.

मावशी म्हणाली, "कोरडं लिही, माय."

"जागाच नाही मावशी कोरडं लिहायला."

"मंग कागदावर लिही."

"कागद कोण बघतंय आता?"

आणि मी भिंतीपाशी गेले, जिथं पाणी उरलं होतं, आणि पाचही बाटल्या तिथंच भरल्या. थोड्या थोड्या अंतरावर. सगळेच असं करतात, पाणी मागं हटलं की त्याच्या मागं जायचं, मला शिकवलंच तसं होतं. तिथलं पाणी तसं बरं होतं, नाला तिथवर येतच नव्हता. आकडे छान आले. मावशी एक नंबरच्या खुंटीपाशीच उभी राहिली. आली नाही.

आणि मला तिच्याकडं बघायला वेळ कुठं होता? कारण पक्षी! यार, किती पक्षी! मी वर्षभरात एवढे बघितले नव्हते. शेकाटे, शराटी, चमचे, बगळे, त्या उरलेल्या पाण्यात खांद्याला खांदा लावून उभे. मी वेड्यासारखी व्हिडिओ काढत सुटले. त्यावर गाणं टाकलं, वर लिहिलं, 'कोण म्हणतं आपलं तळं मेलंय?' आणि लाल बदाम. गावी पोचेपर्यंत लोकांनी धडाधड पुढं पाठवला. संस्थेच्या सरांचा फोन, शाब्बास म्हणाले.

जूनच्या सुरुवातीला तालुक्याला बैठक झाली. मावशी धुतलेलं पांढरं पातळ नेसून आली होती, खाकी सदरा नव्हता, पहिल्यांदाच. माझ्या शेजारी बसली. पुढच्या रांगेत लॉन्सचा मॅनेजर. तालुक्याच्या साहेबांनी भिंतीवर आमचा अहवाल दाखवला. पाचही ठिकाणी पाणी. आकडे ठीक. आणि मग, मला वाटलं जमीन फाटावी, माझा व्हिडिओ लावला. गाण्यासकट.

"बघा," साहेब म्हणाले, "पक्षी काय पैसे घेऊन येत नाहीत. तळं ठणठणीत आहे. नाल्याचा विषय पुढच्या वर्षी घेऊ."

टाळ्या वाजल्या. मॅनेजरनं तर जोरात वाजवल्या.

मी मावशीकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं. ती भिंतीवरच्या पक्ष्यांकडं बघत होती, जसं आजारी माणसाकडं बघतात.

बस स्टँडवर मी तिच्यासाठी चहा आणला. तिनं घेतला नाही. म्हणाली, "दवाखान्यात लई गर्दी असली की तू व्हिडिओ काढती का, कोण म्हणतं गाव आजारी हाय म्हून?"

मी दोन्ही कप बाकावर ठेवले.

"बाकीची तळी आटली, म्हून ते इथं आल्ते. जायला जागा न्हाई म्हून उभे व्हते. तुला जत्रा वाटली ती."

मला रडू आलं. हुंदकेच. लोक बघायला लागले. मावशीनं पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाली, "बास झालं. सकाळी ये. कोरा कागद घेऊन ये, मोबाईल न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही खुंट्या परत तपासल्या. कागदावर. एक, कोरडी. दोन, कोरडी. तीन, कोरडी. चारवर बोटभर हिरवा लगदा, त्यात मासे पोट वर करून, काहींचे डोळे कावळ्यांनी काढलेले. पाच नंबरला, भिंतीशी, माझे ते पक्षी. जे उडू शकत होते ते उडाले. बाकीच्यांच्या माना, त्या आटून सडलेल्या पाण्यातल्या विषानं, लोळागोळा झाल्या होत्या. एक शेकाटा चिखलात बसला होता, लाल पाय अंगाखाली मुडपून, डोळा उघडा, आणि त्या डोळ्यावर माशी. मावशीनं चपलेनं माशी हाकलली. परत बसली. परत हाकलली. तो मरेपर्यंत ती तिथंच उकिडवी बसली होती. नंतर उठली आणि म्हणाली, "लिही. एक."

मी लिहीत गेले. किती झाले ते इथं सांगत नाही, मला आकड्यांचीच किळस आलीय.

विहिरीचं पाणीही घेतलं त्या दिवशी. बाटली उजेडात धरली आणि लगेच खाली ठेवली. मग संस्थेला आणि तालुक्याला पत्र लिहिलं, आधीचा अहवाल चुकीचा आहे, चूक माझी आहे, हे खरे कागद. सर फोनवर ओरडले, "तुला कळतंय का, आपली किती नाचक्की होईल?" मला कळत होतं. कंत्राट पुढं वाढणार नाही हेही कळलं. मी विहिरीची बाटलीसुद्धा नीट सील करून पाठवली.

आणि गंमत ऐका. पत्राची दखल घेतली गेली! पंधरा दिवसांत जीप आली. मावशीनं लांबूनच बघितली, सदऱ्याची बटणं लावली, केस बांधले आणि मला म्हणाली, "चल जल्दी. नाला दाखवू त्यायला." जीपमधून एक साहेब उतरले आणि एक पेंटर, लाल रंगाचा डबा घेऊन. ते नाल्याकडं आलेच नाहीत. विहिरीकडं गेले. पेंटरनं कठड्यावर मोठ्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. 'हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.'

मावशीनं सगळं वाचलं. मग विचारलं, "आन नाला?"

"तो विषय वेगळा," साहेब म्हणाले. नाकाला रुमाल लावून! "मॅडमचा अहवाल विहिरीचा आहे ना? विहीर बंद केली. टँकर येईल."

म्हणजे बघा. मी खरं लिहिलं, आणि त्या खऱ्यानं विहीर बंद झाली. नाला चालू. थू.

साहेब जीपमध्ये फोनवर बोलत बसले. पेंटर हात धुवायला पाणी शोधत गेला, आता ते कुठं मिळणार होतं. मावशी कठड्यापाशी एकटी. तिनं डब्यातला ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि त्या अक्षरांच्या शेवटी, कोपरापासून हात फिरवून, एक बाण काढला. चांगला हातभर लांब. टोक थेट नाल्याकडं. मग ब्रश जागेवर ठेवला आणि लाल झालेली बोटं सदऱ्याला पुसली.

टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी यायचाही नाही. आषाढ सरायच्या आत मावशी लेकीकडं गेली, जालन्याला. मी बसमध्ये बसवून दिलं. आता फोनवर बोलतो आम्ही. "इथं नळ हाय, तिसऱ्या माळ्यावर. कुठलं पाणी हाय म्हणून इचारलं तर जावई म्हणतो, नळाचं." मग हसते.

मागच्या महिन्यात मी वस्तीवर गेल्ते, कामानं नाही, अशीच. मावशीच्या दाराला कुलूप. विहिरीच्या कठड्यापाशी तोच पेंटर, या वेळी चुन्याची बादली घेऊन. वरून हुकूम आला होता. अक्षरं ठेवायची, बाण पुसायचा.

"कोणत्या हातानं काढलाय काय माहीत," तो मला म्हणाला, "दोन हात मारले चुन्याचे, तरी वर येऊन राह्यलाय."

"कुठं जातो तो बाण, बघितलं का तुम्ही?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली. बाणाच्या टोकापासून नजर पुढं नेत नेत नाल्यापर्यंत गेला. तिथं भात तरंगत होता. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून नाकाला लावला, बादली उचलली, आणि तिसरा हात न मारताच निघाला.